आधी मोजदाद, मग उपसा

खोल समुद्राच्या तळाशी काय आहे, हा प्रश्न कालपर्यंत केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा होता; आज तो राष्ट्राच्या व्यवहाराचा झाला आहे. १९८१ च्या जानेवारीत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ‘गवेषणी’ जहाजावरून हिंदी महासागराच्या तळाचे धातुयुक्त गोटे वर काढले. २००२ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये मध्य हिंदी महासागरातील ७५,००० चौरस किलोमीटरचे क्षेत्र शोधकार्यासाठी भारताकडे आले. २०२१ मध्ये ‘वराह’ नावाच्या आपल्या यंत्राने ५,२७० मीटर खोल तळावर चालून दाखविले, आणि त्याच वर्षी खोल समुद्र मोहिमेला ४,०७७ कोटी रुपये मंजूर झाले. उपसणारा हात असा सिद्ध होत आहे. पाहणाऱ्या डोळ्याचे काय?

हा डोळा कसा असावा, याचा वस्तुपाठ कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे मिळाला आहे. तेथे ३,२०० मीटर खोलीवर, २०१८ मध्ये, उष्ण झऱ्यांपाशी अंडी उबवणाऱ्या ऑक्टोपसांची वसाहत आढळली. पुढील पाहणीत तळापासून काही मीटर उंचीवरून यंत्र फिरवून लेसर, ध्वनिलहरी व छायाचित्रे यांच्या साह्याने तिचा सूक्ष्म नकाशा करण्यात आला. एका भागातच सुमारे सहा हजार ऑक्टोपसांची गणती झाली, आणि तीही जाळे न टाकता.

लेसरचे तत्त्व सोपे आहे. किरणाची बारीक रेषा तळावर फिरवावयाची आणि ती कोठे किती वाकते हे बाजूच्या कॅमेऱ्याने टिपावयाचे. त्यावरून उंचसखलपणाचा हिशेब मांडता येतो. मात्र या साधनाला सर्वज्ञ मानणे भाबडेपणाचे ठरेल. पाणी प्रकाश शोषून घेते, म्हणून त्याचा पल्ला थोडा. चिखलात दडलेले कृमी त्याला दिसत नाहीत, आणि नव्या प्राण्याला नाव द्यावयाचे तर नमुना हाती घ्यावाच लागतो.

तरीही आमचा आग्रह आहे की, अशा साधनांच्या चाचण्या आपल्या क्षेत्रात उपशापूर्वी झाल्या पाहिजेत. हे गोटे दहा लक्ष वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतात, आणि त्यांवरच कित्येक जीवांचा निवास असतो. पेरूपलीकडील तळावर १९८९ मध्ये प्रयोगासाठी ओढलेल्या नांगराचे चरे सव्वीस वर्षांनंतरही स्पष्ट दिसत होते. तेथील जखम आपल्या आयुष्यात भरून येत नाही, हाच त्याचा अर्थ.

देशाला कोबाल्ट व निकेल हवे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु काय नष्ट होणार याची नोंदच नसेल, तर नफातोट्याचा ताळेबंद मांडणार कसा? मोहिमेच्या उद्दिष्टांत जीववैविध्याचा अभ्यास आहेच. त्याला खर्चात आणि वेळापत्रकातही पहिले स्थान मिळावे. बैल गेल्यावर झोपा करण्याची आपली सवय जुनी आहे. पुराणातील वराहाने पृथ्वी पाण्यातून वर काढली ती तिच्या रक्षणासाठी, एवढे तरी त्याचे नाव घेणाऱ्यांनी स्मरावे.