कोई शक?

फौजेत एक प्रश्न रोज विचारला जातो. हुकूम सांगून झाला, की सुभेदारसाहेब समोरच्या रांगेवरून नजर फिरवतात आणि म्हणतात, "कोई शक?" रांगेतून एका आवाजात उत्तर येते, "नहीं साहब!" माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला हे सांगितले तेव्हा मला हसू आले. वर्गापुढे उभे राहून "समजलं ना?" असे ओरडण्यात ज्याचा जन्म गेला, त्या मास्तराला तो प्रश्नही ओळखीचा आणि ते उत्तरही. "समजलं!" म्हणून वर्ग गर्जना करतो त्या वेळी निम्म्या पोरांना काहीएक समजलेले नसते, आणि हे मास्तर पुरते जाणून असतो.

हा विद्यार्थी गेल्या दिवाळीनंतर रजेवर आला तो थेट माझ्या घरी. म्हणाला, "गुरुजी, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. मला एक अर्ज लिहून द्या." हकिकत साधी होती. लंगरात शिधा कमी पडतो, असे तो आपल्या वरच्या साहेबांपाशी बोलला होता. चारचौघांत नव्हे, आरडाओरडा करून नव्हे, रीतसर. त्याबद्दल त्याला कोणी मारले नाही, शिवी दिली नाही, की दटावलेही नाही. फक्त बहिणीच्या लग्नासाठी मंजूर झालेली रजा 'कामाच्या निकडीमुळे' रद्द झाली, आणि दोन महिन्यांनी बदलीच्या यादीत त्याचे नाव निघाले. रजा कोणाचीही रद्द होऊ शकते. बदली कोणाचीही होते. ह्यात सूड कोठे आहे, हे दाखवा म्हटले तर तो पोरगा काय दाखवणार?

मी दोन पानी अर्ज लिहिला. त्याने तो वाचला, घडी घातली, आणि विचारले, "गुरुजी, ह्यात नाव घालावंच लागतं का?"

त्या प्रश्नाने मला कायद्याची पुस्तके उघडावयास लावली. मी वकील नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण ज्याला व्याकरण शिकवावे लागते त्याला कलमे वाचण्याची फारशी भीती वाटत नाही. १९५० च्या सेना अधिनियमात सव्विसावे कलम आहे. अधिकारी नसलेल्या कोणत्याही सैनिकाला वरिष्ठाकडून अन्याय झाला असे वाटले तर त्याने आपल्या कंपनीच्या मुख्याकडे तक्रार करावी. तक्रार त्या मुख्याविरुद्धच असेल तर त्याच्या वरच्याकडे करावी. आणि ज्याच्याकडे तक्रार येईल त्याने शक्य तितकी पूर्ण चौकशी करावी. अधिकाऱ्यांसाठी सत्ताविसावे कलम आहे आणि त्यांची तक्रार थेट केंद्र सरकारपर्यंत जाऊ शकते. भाषा स्वच्छ आहे, हेतू प्रामाणिक आहे. परंतु तक्रार केल्याबद्दल सैनिकाला कोणी छळले तर त्या छळणाऱ्याचे काय करावे, ह्याविषयी त्या दोन्ही कलमांत एक अक्षर नाही.

उलट छप्पन्नावे कलम पाहा. तक्रार करताना सैनिकाने कोणाच्या चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे विधान केले किंवा महत्त्वाची गोष्ट मुद्दाम दडवली, तर पाच वर्षांपर्यंत कैद. खोट्या तक्रारीला शिक्षा असू नये असे मी म्हणत नाही. वर्गातही कागाळीखोर पोराचा कान मी धरतो. माझे भांडण तराजूशी आहे. एका पारड्यात पाच वर्षांची कैद ठेवली आहे, आणि दुसऱ्या पारड्यात, खऱ्या तक्रारीचा सूड उगवणाऱ्याच्या नावाने, काय ठेवले आहे? सव्विसाव्या कलमापासून मी शोधत गेलो तो हात रिकामाच परत आला.

कोणी म्हणेल, त्यासाठीच तर न्यायाधिकरण आहे. आहे खरे. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा २००७ साली झाला, २००९ पासून काम सुरू झाले, मुंबईतही त्याचे पीठ आहे. शेकडो सैनिकांना निवृत्तिवेतन आणि बढती ह्यांबाबत तेथे न्याय मिळाला, आणि ते श्रेय काढून घेण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण त्या कायद्याचे तिसरे कलम, जेथे शब्दांच्या व्याख्या दिल्या आहेत, ते वाचा. 'सेवाविषयक बाबी' म्हणजे काय ते सांगून झाल्यावर काय काय त्यांत येत नाही, हेही सांगितले आहे. बदल्या आणि नेमणुका येत नाहीत. कोणत्याही प्रकारची रजा येत नाही.

मी ते कलम तीनदा वाचले. वरिष्ठाला शिपायावर डूख धरावयाचा झाला तर त्याच्या हातात कोणती शस्त्रे असतात? हल्ली कोणी चाबूक मारीत नाही. रजा अडवायची, बदली करायची, आणि वार्षिक अहवालात एखादा थंड शब्द टाकायचा, संपले. ह्या तिहींपैकी अहवालाला आव्हान देता येते. राहिलेली दोन, म्हणजे जी रोजच्या वापरातली आणि ज्यांचा घाव थेट घरापर्यंत पोचतो ती दोन, कायद्यानेच न्यायालयाच्या उंबरठ्याबाहेर ठेवली आहेत. ज्या वाटेने चोर येतो तेवढीच वाट सोडून बाकी सगळीकडे पहारा बसवावा, तसा हा प्रकार!

मग माणसे भिंतीवरून उड्या मारतात. जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या तेजबहादूर यादव ह्या जवानाने करपलेली रोटी आणि पाण्यासारखी डाळ साऱ्या देशाला मोबाइलवर दाखवली. (हे दल गृहखात्याखाली येते, त्याचा कायदा १९६८ चा; वर सांगितलेले न्यायाधिकरण त्याला लागूच नाही.) एप्रिलमध्ये त्याला बडतर्फ करण्यात आले. दलाचे म्हणणे, आरोप खोटे होते. असतीलही. त्याच जानेवारीत लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत ह्यांनी तक्रारपेट्या ठेवण्याचे जाहीर केले आणि, चव्हाट्यावर जाणारा शिक्षेस पात्र ठरू शकेल, असेही सेनादिनाच्या भाषणात बजावले. दोन्ही गोष्टी सेनापतीला शोभतील अशाच. पण पेटीत चिठ्ठी टाकून ती टाकणाऱ्याची रजा वाचत नाही.

आणि त्याच वर्षी मार्चमध्ये आमच्या नाशिकजवळच्या देवळाली छावणीत, वापरात नसलेल्या एका बराकीत, एका तरुण जवानाचा मृतदेह सापडला. साहेबांच्या घरची कामे करावी लागतात, असे छुप्या कॅमेऱ्यापुढे बोललेल्यांत तो होता. त्याच्या मृत्यूविषयी तर्क करण्याचा मला अधिकार नाही. ते चित्रण करणाऱ्या पत्रकार बाईंवर आणि एका माजी सैनिकावर गुन्हा नोंदवला गेला. तो मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केला. मला सांगावयाचे ते एवढेच, की 'सहायक' ठेवण्याची ही प्रथा बंद करा असे संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने २००८ सालीच सांगितले होते. जे खासदारांनी छापील अहवालात म्हटले, तेच त्या पोराने तोंडाने म्हटले.

येथे आरामखुर्चीतले सेनापती उठून उभे राहतील. 'मास्तर, ही फौज आहे, तुमची शिक्षक संघटना नव्हे! आज रोटीबद्दल तक्रार, उद्या हुकमाबद्दल. शिस्त मोडेल.' शिस्तीची महती मला शिकवू नका. घटनेच्या तेहतिसाव्या कलमाने सैनिकाचे मूलभूत हक्क आवळण्याची मुभा संसदेला दिली, ती योग्यच दिली. सैनिकाने संघटना करू नये, वर्तमानपत्रांत लिहू नये, दहाजणांनी मिळून एक अर्ज करू नये, हेही मला मान्य. पण ज्याचे बाकीचे सगळे दरवाजे आपण बंद केले, त्याच्यासाठी उघडा ठेवलेला एकुलता एक दरवाजा तरी धड उघडतो की नाही, हे पाहण्याची जबाबदारी दुप्पट होते.

आणि शिस्त तक्रारीने मोडते की तक्रार दाबल्याने? कुलाब्याला जाऊन विचारा. फेब्रुवारी १९४६ मध्ये 'तलवार' ह्या नाविक केंद्रावरचे सैनिक कमांडर किंगच्या शिवराळपणाविरुद्ध एकेकट्याने, रीतसर तक्रारी करीत होते. दाद लागली नाही. १८ तारखेला निकृष्ट अन्न नाकारून त्यांनी संप पुकारला, आणि बघता बघता ७० हून अधिक जहाजांवर तो पसरला. मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार झाला, शेकडो माणसे मेली. त्या उठावामागे स्वातंत्र्याची ऊर्मी होती हे मी विसरत नाही. पण ठिणगी पडली ती न्याहारीच्या ताटात, हेही कोणी विसरू नये.

ज्या जर्मन फौजेच्या शिस्तीचे गोडवे आमचे आरामखुर्चीवाले गातात, तिचेच उदाहरण घ्या. डोळे मिटून हुकूम पाळण्याचे फळ काय, हे त्या देशाने राखेत बसून पाहिले होते. म्हणून १९५६ साली नवी फौज उभारताना त्यांनी सैनिकांच्या तक्रारीचा स्वतंत्र कायदा केला. त्यात एक गंमतीचा नियम आहे: अन्याय झाल्यावर मध्ये एक रात्र गेल्याशिवाय तक्रार करावयाची नाही. राग निवू द्यावा, झोप घ्यावी, मग लिहावे. मास्तर म्हणून मला हा नियम फार आवडला. आणि पुढे स्पष्ट लिहिले आहे, की तक्रार चुकीच्या वाटेने आली, उशिरा आली, अथवा निराधार ठरली, तरी केवळ तेवढ्यावरून कोणाला शिक्षा अगर नुकसान करता येणार नाही. शिवाय त्याच वर्षी त्यांनी घटनेत ४५ब हे कलम घालून संसदेचा एक आयुक्त नेमण्याची सोय केली. कोणताही शिपाई मधल्या सर्व साहेबांना ओलांडून थेट त्याला पत्र लिहू शकतो. जर्मन फौजेची शिस्त त्यामुळे मोडल्याचे ऐकिवात नाही.

अमेरिकेत तर ही गोष्ट स्वातंत्र्ययुद्धाइतकी जुनी. 'वॉरन' ह्या युद्धनौकेवरच्या माणसांनी खुद्द आरमारप्रमुख हॉपकिन्सविरुद्ध तक्रार केली. त्याने उलट फिर्याद केली तेव्हा, १७७८ साली, काँग्रेसने ठराव करून तक्रारदारांच्या बचावाचा खर्च उचलला. पुढे १९८८ मध्ये सैनिकाच्या तक्रारीचा सूड घेण्यास मनाई करणारा कायदा झाला, आणि २०१९ पासून असा सूड हा लष्करी गुन्हाच ठरला. तेथेही सूड सिद्ध करणे सोपे नसते. कागद नेहमी साहेबाच्या बाजूचे असतात. पण गुन्ह्याला गुन्हा म्हणण्याइतका धीर तरी त्यांनी दाखवला.

आमच्या संसदेने फार काही करावे असे माझे म्हणणे नाही. बदल्या आणि रजा सरसकट न्यायाधिकरणापुढे आणल्या तर सेनापतींना लढाई सोडून वकिलांच्या मागे धावावे लागेल, हे मलाही कळते. पण लेखी तक्रारीनंतर वर्षभरात त्या सैनिकाची रजा रद्द झाली किंवा बदली झाली, तर तिचे कारण लेखी देण्याचे बंधन साहेबावर का असू नये? आणि ते कारण खोटे ठरले तर छप्पन्नाव्या कलमाच्या शेजारी त्या साहेबासाठीही एक कलम का असू नये? सरहद्दीवर गोळी खाण्याची हिंमत आपण ह्या पोरांकडून रोज मागतो. तक्रारीच्या कागदावर सही करायला त्याहून अधिक हिंमत लागावी, अशी व्यवस्था कोणत्या देशभक्तीत बसते?

मी जाणूनबुजून त्या पोराचे गाव आणि पलटण सांगितलेली नाही. मला ती लपवावी लागतात, ह्यात सगळे आले.

अर्ज अजून माझ्याकडेच आहे. रजा संपून निघताना तो भेटायला आला, चहा घेतला, माझ्या म्हातारीच्या पाया पडला. "गुरुजी, तो कागद राहू द्या तुमच्यापाशी," म्हणाला. मी त्याला सही कर असा आग्रह केला नाही. करावा की करू नये, हे बसस्थानकापर्यंत त्याच्या बरोबर चालत गेलो तरी मला ठरवता आले नाही. टेबलाच्या खणात वह्यांखाली ती दोन पाने पडून आहेत; खाली नावाची जागा कोरी आहे.