हैतीची खतावणी उघडा

गरीब देश गरीब का? तर म्हणे तिथली माणसं आळशी, त्यांना कारभार जमत नाही. टाय बांधलेले पंडित हे सांगतात तेव्हा मला गावच्या पाटलाचा आवाज ऐकू येतो. आमच्या आज्याबद्दल तो हेच बोलायचा, त्याला फुकट राबवून घेताना.

दोस्तहो, मी गोदी कामगार. मॅट्रिक झालोय, अर्थशास्त्र शिकलो नाही. पण माल कुणी उचलला आणि पैसा कुणी खाल्ला, हे पाठीला कळतं. म्हणून हैतीचा हिशेब मांडतो.

उसाच्या मळ्यात फ्रेंचांनी राबवलेले काळे गुलाम उठले, नेपोलियनची फौज त्यांनी हाकलली आणि 1804 साली देश स्वतंत्र केला. 1825 साली फ्रान्सच्या युद्धनौका तोफा रोखून दारात उभ्या. आमची मालमत्ता गेली, भरपाई द्या. 15 कोटी फ्रँक! मालमत्ता म्हणजे काय काय? मळे, आणि हीच माणसं. गुलामाने आपल्याच कातड्याची किंमत मालकाला मोजायची! 1838 साली आकडा 9 कोटींवर आणला. केवढे उपकार! पैसे नव्हते, तर पॅरिसच्याच सावकारांनी कर्ज दिलं. पहिलं कर्ज 3 कोटींचं, हातावर टेकवले 2 कोटी 40 लाख. आपल्याकडचा सावकार आधीच कापून घेतो, अगदी तस्सं. या देण्यातून वाढलेल्या कर्जाची शेपटी 1947 पर्यंत वळवळत होती. शाळा, दवाखाने कशातून बांधायचे, सांगा की!

मग अमेरिका आली. डिसेंबर 1914 मध्ये तिच्या सैनिकांनी हैतीच्या बँकेतलं 5 लाख डॉलरचं सोनं दिवसाढवळ्या पेट्यांतून युद्धनौकेवर चढवलं, न्यूयॉर्कला नेलं. (हेही गोदीकामच म्हणा.) पाठोपाठ 1915 ते 1934 देशावर ताबा.

आता तांदूळ. 1980 च्या आसपास हैती आपला बहुतेक तांदूळ स्वतः पिकवायचा. 1995 साली अमेरिका आणि नाणेनिधीच्या दडपणाखाली आयातकर 3 टक्क्यांवर आला. सरकारी अनुदानावर पोसलेला आर्कान्साचा तांदूळ घुसला. लोक त्याला 'मियामी राइस' म्हणतात. आर्तिबोनित खोऱ्यातला शेतकरी बुडाला, शहरातल्या झोपडपट्टीत आला. जानेवारी 2010 च्या भूकंपाने त्यालाच गाठलं. मार्चमध्ये बिल क्लिंटन यांनी सिनेटच्या समितीपुढे कबूल केलं, की या धोरणाने आर्कान्सातल्या काही शेतकऱ्यांचं भलं झालं असेल, पण हैतीची भात पिकवायची ताकद गेली. कबुली मिळाली. अनुदान चालूच राहिलं.

2003 साली राष्ट्राध्यक्ष अरिस्तीद यांनी फ्रान्सकडे 21 अब्ज डॉलर परत मागितले. फेब्रुवारी 2004 मध्ये त्यांची सत्ता गेली, आणि अमेरिकेच्या विमानातून ते देशाबाहेर. एप्रिल 2025 मध्ये फ्रान्सने काय दिलं? दोन्ही देशांच्या इतिहासकारांची समिती! भरपाई उकळताना नेमली होती का समिती? तेव्हा तोफा होत्या.