आधी मासा, मग प्रतीक

हेमिंग्वेची ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’ (१९२५) तौलनिक साहित्याच्या तासाला ज्या रीतीने शिकवली जाते, त्या रीतीवर आमचा आक्षेप आहे. आरोपींत आम्हीही आलोच. जळालेले गाव म्हणजे युद्ध, नदी म्हणजे शुद्धी, दलदल म्हणजे मनाचा अंधार. एवढे फळ्यावर उतरले की तास संपतो. ट्राउट मासा प्रश्नपत्रिकेत येत नाही, म्हणून तो वर्गातही येत नाही.

युद्धाचा शब्दही नसलेली ही कथा युद्धावरून परतण्याविषयी आहे, हे खुद्द हेमिंग्वेनेच ‘अ मूव्हेबल फीस्ट’मध्ये नोंदवून ठेवले आहे. तेव्हा त्या अर्थाशी आमचे भांडण नाही. अर्थाकडे जाताना नदी चुकवण्याशी आहे. आमच्या जुन्या टिपणांत निकच्या मासेमारीला बिनदिक्कत ‘फ्लाय फिशिंग’ म्हटले आहे. त्याच्या हातातली काठी फ्लायची आहे खरी; पण पिसे व दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी तो पाण्यावर सोडतच नाही, गळाला जिवंत नाकतोडा लावतो. दवाने गारठलेले नाकतोडे उडू शकत नाहीत, म्हणून गवत वाळण्याआधीच ते बाटलीत भरून घेतो. लहान ट्राउट सोडताना आधी हात ओला करतो, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. हा भाग वाचून दाखवला तेव्हा सिंधुदुर्गातल्या खाडीकाठचा एक विद्यार्थी म्हणाला, “सर, ह्यानं स्वतः गरी टाकलेली आहे.” आमच्या टिपणांतून हे कुणाला कळले नसते.

ऋतूचेच पाहा. कथेत महिना सांगितलेला नाही. दुपार तापलेली म्हणून आम्ही ‘उन्हाळा’ लिहून देत आलो. पण शेवटी निक दोन ट्राउट साफ करतो. दोन्ही नर, आणि पोटात रेताच्या करड्या-पांढऱ्या लांब पट्ट्या. उत्तर मिशिगनमधल्या सेनीजवळच्या फॉक्स नदीवर हेमिंग्वे १९१९ साली गेला होता (कथेचे नाव मात्र त्याच भागातल्या दुसऱ्या नदीचे). तिथल्या ब्रूक ट्राउटची वीण शरदात होते. म्हणजे शरद माशाच्या पोटात आलेला आहे, आणि आम्ही तो आभाळात शोधत बसलो!

आता ती सुप्रसिद्ध दलदल. तिथे सीडरच्या फांद्या खाली झुकून एकमेकींत गुंतलेल्या. पाणी काखेपर्यंत खोल. गळाला लागलेला मोठा ट्राउट बाहेर काढणे अशक्य. निक तिथे जात नाही तो आधी मासेमार म्हणून, आणि त्याची भीती या अडचणीच्या आधाराने उभी आहे. अडचण वगळली की उरते ते कुठल्याही कथेला चिकटवता येईल असे लेबल.

यंदा ‘निक हात ओला का करतो?’ असा पाच गुणांचा प्रश्न आम्ही सुचवला. तो वाङ्मयाचा नसून प्राणिशास्त्राचा आहे, असे म्हणून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो काढून टाकला. त्याच्या जागी दलदलीच्या प्रतीकावर पंधरा गुण आहेत.