बियाण्याच्या महिन्यात थांबलेली गोळी

आषाढातील एका पहाटे माझ्या दवाखान्याचे दार जोरात वाजले. बाहेर एक बैलगाडी उभी होती आणि तीत चार वर्षांपासून माझ्याकडे रक्तदाबासाठी येणारे एक कास्तकार आडवे पडलेले होते. वय बावन्न. तोंड एका बाजूला ओढलेले, उजवा हात निर्जीव, वाचा गेलेली. रक्तदाब मोजला तेव्हा पारा २१० वर ११८ असा आकडा दाखवीत होता. हात जड झाल्याचे त्यांना आदल्या रात्री नऊच्या सुमारासच जाणवले होते. घरच्यांनी ‘वारं गेलं’ असे समजून रात्रभर तेल चोळले होते.

गोळ्या चालू होत्या का, असे मी विचारले. त्यांच्या पत्नी खाली मान घालून म्हणाल्या, “जेठापासून बंद हाय, डॉक्टरसाहेब. बियाणं-खत घ्याचं होतं. आन् त्याईले तं काही होतच नव्हतं.”

या दोन वाक्यांत आजच्या लेखाचा सारा विषय सामावलेला आहे. दीर्घकालीन आजारांचा आर्थिक भार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोठे रुग्णालय, शस्त्रक्रिया आणि लाखांची बिले येतात. गावात तीस वर्षे रुग्ण तपासल्यानंतर माझे मत थोडे वेगळे झाले आहे. या आजारांत कुटुंब बुडते ते बहुधा रोज घेतलेल्या गोळीमुळे नव्हे, तर न घेतलेल्या गोळीमुळे.

आमचे राजूर वणी तालुक्यात आहे. बाहेरचे लोक त्याला राजूर कॉलरी म्हणूनच ओळखतात. भूमीखाली कोळसा, वर चुनखडी, आणि सभोवती पऱ्हाटीची शेते. कोणी खाणीत कामाला, कोणी चुन्याच्या भट्टीवर, तर कोणी शेतात. कित्येक घरांत ही तिन्ही कामे एकाच छपराखाली नांदतात. पण या तिघांच्या आजारपणाची कथा सारखी नाही. खाणीतील कायम कामगाराला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, आणि खाणविषयक नियमांनुसार त्याची ठरावीक काळाने, किमान दर पाच वर्षांनी, वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. भट्टीवरील रोजंदाराच्या वाट्याला अशी ठरलेली तपासणी क्वचितच येते. तो चुन्याची भुकटी आणि कोळशाचा धूर छातीत साठवीत राहतो आणि दम लागू लागल्यावरच आमच्याकडे येतो. कास्तकाराच्या हाती पैसा येतो तो दिवाळीनंतर, कापूस विकला गेल्यावर. त्याचे वर्ष बाराही महिने सारखे नसते.

मी जुनी कार्डे चाळून पाहिली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती आधीच ध्यानात यायला हवी होती याची खंत वाटली. माघ-फाल्गुनात नियमित येणारे माझे मधुमेहाचे व रक्तदाबाचे रुग्ण मृगाच्या आसपास दिसेनासे होतात आणि पोळा उलटून गेल्यावर पुन्हा दिसू लागतात. मी याचा अर्थ ‘शेतीच्या कामात गुंतले’ असा लावीत आलो. खरे कारण असे की त्या तीन-चार महिन्यांत घरातला शेवटचा रुपया बियाणे, खत आणि निंदणीच्या मजुरीत जातो. ज्या आजाराने काही दुखत नाही, त्याची गोळी सर्वांत आधी बंद होते. पोटात कळ आली असती तर तेच लोक उसने पैसे घेऊन धावत आले असते.

हे केवळ आमच्या गावापुरते नाही. भारतातील रोगभाराचा राज्यनिहाय अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९९० मध्ये देशातील एकूण मृत्यूंपैकी सुमारे ३८ टक्के मृत्यू हृदयरोग, पक्षाघात, जुनाट श्वसनविकार, मधुमेह, कर्करोग अशा असंसर्गजन्य आजारांनी होत होते. २०१६ मध्ये हे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांवर गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये जाहीर झाले. त्यांत मधुमेही व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची १३ कोटी ६० लाख सांगितली आहे. त्याच पाहणीत प्रौढांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक लोकांचा रक्तदाब वाढलेला आढळला. पटकी-देवीच्या साथींना भिणारा आपला समाज या शांत साथीला अजून भीत नाही, कारण ती घरात आरडाओरडा न करता शिरते.

आता खर्चाकडे वळू. रक्तदाबाची ॲम्लोडिपिन आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन ही दोन्ही जुनी, पारखलेली आणि स्वस्त औषधे आहेत. जनौषधी केंद्रात अशा साध्या गोळ्या घेतल्या तर दोन्ही आजारांचा महिन्याचा खर्च साधारण शंभर-दीडशे रुपयांत बसू शकतो. शासकीय आरोग्य केंद्रात त्या मोफत मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे शुल्कही घेतले जात नाही. याउलट त्या कास्तकाराच्या घराचा पुढील सहा महिन्यांचा हिशेब पाहा. रुग्णालयातील खाटेचा खर्च शासकीय योजनेतून निघाला, हे खरे. परंतु नागपूरपर्यंतची गाडी, सोबत राहिलेल्या दोघांचे जेवण, बाहेरून आणावी लागलेली औषधे, नंतरची फिजिओथेरपी आणि घरातल्या तिघांची बुडालेली मजुरी कोणत्याही योजनेत बसत नव्हती. पोळ्याच्या आधीच बैलजोडी विकली गेली. पत्नीच्या गळ्यातली पोत गेली. आयटीआयला जाणारा मुलगा शिक्षण सोडून भट्टीवर लागला. महिन्याच्या दीडशे रुपयांची बचत एका पिढीचे शिक्षण घेऊन गेली.

आपली व्यवस्थाही पुष्कळदा असाच उलटा हिशेब करते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही आपल्या राज्यातील मोलाची योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. हृदयशस्त्रक्रियेपासून डायलिसिसपर्यंत अनेक उपचार तिच्यात आहेत. पण ती रुग्णालयाच्या दारात गेल्यावर उपयोगी पडते. रोज सकाळी घ्यायच्या गोळीसाठी नाही. ती गोळी आरोग्य केंद्रात मोफत असली, तरी ती आणण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडते, आणि आठ-दहा दिवसांच्याच गोळ्या मिळाल्या तर महिन्यातून तीनदा बुडते. मोफत गोळीची ही खरी किंमत कागदावर दिसत नाही.

यावर उपाय नाही असे मात्र नाही. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या राज्यांमध्ये महाराष्ट्र होता, आणि आपल्या शेजारचा वर्धा जिल्हा त्यात आरंभीच्या जिल्ह्यांपैकी एक होता. त्यामागची तत्त्वे अगदी साधी आहेत : सर्वांसाठी एकच सोपी उपचारपद्धती, औषधांचा अखंड साठा, एकदम तीस दिवसांच्या गोळ्या, त्या शक्यतो घराजवळच्या उपकेंद्रात, आणि जो रुग्ण ठरल्या दिवशी आला नाही त्याचा पाठपुरावा. यातील शेवटचे तत्त्व मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. न आलेला रुग्ण हा बरा झालेला रुग्ण नव्हे.

येथे माझी स्वतःची चूकही सांगितली पाहिजे. त्या कास्तकारांना मी दोन औषधे एकत्र असलेली एक महागडी गोळी लिहून देत होतो. ती चांगली होती. पण तिच्याऐवजी साध्या दोन गोळ्यांनी तेच काम कितीतरी कमी पैशांत झाले असते. चार वर्षांत मी त्यांना पथ्य विचारले, मीठ विचारले, झोप विचारली. ‘ही गोळी तुम्हांला बाराही महिने परवडते का?’ हा एक प्रश्न मी कधी विचारला नाही.

म्हणून आपणांस काही गोष्टी आग्रहाने सांगतो. घरातील तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि रक्तातील साखर वर्षातून एकदा मोजून घ्या. आयुष्मान आरोग्य मंदिरात ही तपासणी मोफत होते आणि गावातील आशाताई त्यासाठी मदत करतात. रक्तदाबाचा आकडा नीट आला म्हणजे आजार गेला, असे समजू नका. तो आकडा गोळीमुळे नीट आलेला असतो. गोळीची ‘सवय लागते’ ही समजूतही सोडा. तहान लागते म्हणून रोज पाणी पिणाऱ्याला आपण पाण्याची सवय लागली असे म्हणत नाही. काही गोळ्या अचानक थांबवल्या तर रक्तदाब पूर्वीपेक्षाही वर उसळतो, आणि इन्सुलिन थांबवणे तर जिवावर बेतू शकते. गोळी कमी करायची असेल तर ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

खर्च झेपत नसेल तर लाज न बाळगता तसे डॉक्टरांना सांगा आणि औषधाचे मूळ नाव लिहून मागा. कापूस विकला गेला की बियाण्याचे पैसे जसे बाजूला काढता, तसे ज्येष्ठ ते भाद्रपद या चार महिन्यांच्या गोळ्यांचे पैसेही त्याच वेळी बाजूला काढा. आणि खर्र्याचा हिशेब एकदा करून पाहा. रोज दोन खर्रे खाणाऱ्याच्या खिशातून जेवढे पैसे जातात, तेवढ्यात नवरा-बायको दोघांच्या साध्या गोळ्या आरामात बसतात. शिवाय खर्र्यातील तंबाखू हृदयावरचा आणि रक्तवाहिन्यांवरचा ताण वाढवते ती वेगळीच. भट्टीवर काम करणाऱ्यांनी नाकातोंडावर जाड फडके तरी बांधावे, धूळरोधक मास्क मिळाला तर उत्तमच. आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर क्षयाची तपासणी करून घ्यावी.

शेवटी एक सूचना. तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक झाले तर तेल चोळण्यात वेळ घालवू नका. तत्काळ १०८ वर फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्या. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्या रात्री राजूरमध्ये ते तास उजाडण्यापूर्वीच संपून गेले होते.

ते कास्तकार आता काठी टेकीत चालतात आणि मोजके शब्द बोलतात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्यांच्या पत्नी त्यांना घेऊन येतात. मी त्यांना आता दोन साध्या गोळ्या लिहून देतो, आणि त्यांच्या कार्डाच्या माथ्यावर लाल शाईने लिहिले आहे : ‘मृगाआधी चार महिन्यांच्या गोळ्या.’ तेच शब्द मी आता इतर कास्तकारांच्या कार्डांवरही लिहू लागलो आहे. आपल्या घरी अशी गोळी चालू असेल तर आजच एकदा पाकीट उघडून मोजा, किती उरल्या आहेत.