विश्लेषण : डॉक्टर, शिक्षकांना ‘स्टार’ देण्याचा हक्क कुठवर?

नव्या शहरात दातांचा डॉक्टर शोधायचा असो, मुलाला ‘नीट’च्या तयारीसाठी लातूरच्या क्लासला घालायचे असो किंवा घराच्या खरेदीखतासाठी वकील हवा असो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारण्याआधी आता मोबाइलवर ‘स्टार’ मोजले जातात. एका बाजूला वाईट अनुभव लिहिला म्हणून रुग्णाच्या हाती वकिलाची नोटीस पडण्याची भीती आहे. दुसऱ्या बाजूला कधी दवाखान्याची पायरीही न चढलेला माणूस घरबसल्या ‘एक स्टार’ देऊन मोकळा होऊ शकतो. अशा वेळी कायदा काय सांगतो, हे आकडे कितपत खरे मानायचे आणि तक्रार नेमकी कुठे करायची?

हॉटेलचा रिव्ह्यू आणि डॉक्टरचा रिव्ह्यू यांत फरक काय?

मिसळ कशी होती हे सांगायला खाणाऱ्यापेक्षा मोठा तज्ज्ञ नसतो. उपचाराचे तसे नाही. विषाणूजन्य तापात प्रतिजैविक देण्यास नकार देणारा डॉक्टर शास्त्राप्रमाणे योग्य वागतो. पण ‘औषधच दिले नाही’ म्हणून रुग्ण नाराज होतो. उलट गरज नसताना सलाइन लावणारा डॉक्टर ‘लगेच गुण येतो’ म्हणून पाच स्टार मिळवतो. शिक्षकांचेही तेच. सढळ हाताने गुण देणारे सर लोकप्रिय होतात, तर कडक तपासणाऱ्या मॅडमबद्दलची कृतज्ञता निकालानंतर किंवा चार वर्षांनी वाटू लागते. रिव्ह्यू मात्र त्याच संध्याकाळी लिहिला जातो.

दुसरा फरक नावाचा आहे. हॉटेलवर टीका होते तेव्हा ती एका व्यवसायावर होते. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरच्या किंवा घरी शिकवणी घेणाऱ्या शिक्षिकेच्या बाबतीत नाव हीच पुंजी असते. त्या नावासमोर लिहिलेली ओळ वर्षानुवर्षे तिथेच राहते.

सरासरी आकडा किती विश्वासाचा?

साधे गणित करून पाहू. एका क्लासला ९ जणांनी रेटिंग दिले आहे आणि सरासरी ४.८ आहे. दहाव्याने रागाने १ स्टार दिला, तर सरासरी थेट ४.४२ वर येते. ४०० जणांनी रेटिंग दिलेल्या क्लासची सरासरीही ४.८ असेल आणि तिथेही कोणी १ स्टार दिला, तर आकडा जेमतेम ४.७९ होतो. राग तेवढाच, पण शिक्षा लहान व्यावसायिकाला कितीतरी मोठी. म्हणून फक्त स्टार पाहून उपयोग नाही. ते किती जणांनी दिले, हेही पाहायला हवे.

शिवाय लिहिते कोण? फार खूश झालेले आणि फार चिडलेले. ज्यांचे काम नीट झाले आणि जे घरी गेले, ते सहसा लिहीत नाहीत.

पूर्वग्रहाचाही प्रश्न आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातील संशोधकांचा एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑनलाइन अभ्यासक्रमात एक पुरुष आणि एक महिला शिक्षक होते. प्रत्येकाने एका गटाला आपल्या नावाने आणि दुसऱ्या गटाला समोरच्याच्या नावाने शिकवले. प्रत्यक्षात शिकवणारे कोणीही असो, पुरुषाचे नाव असलेल्या शिक्षकाला विद्यार्थ्यांनी जास्त गुण दिले. गृहपाठ एकाच वेळी तपासून दिला, तरी तत्परतेचे गुण ‘पुरुषा’लाच जास्त मिळाले. विद्यार्थी जेमतेम ४३ होते, त्यामुळे यावरून सरसकट निष्कर्ष काढता येणार नाही. पण आकडा म्हणजे निःपक्ष निकाल नव्हे, एवढे त्यातून कळते. ‘रेट माय प्रोफेसर्स’ या अमेरिकी संकेतस्थळावर तर प्राध्यापक दिसायला किती आकर्षक आहेत, हे सांगण्यासाठी मिरचीचे चिन्ह होते. टीकेनंतर २०१८ मध्ये ते काढून टाकण्यात आले.

वाईट अनुभव लिहिणे हा गुन्हा आहे का?

नाही. आपला खरा अनुभव सांगणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. ऑनलाइन मजकुरासाठी थेट अटकेची भीती दाखवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. मात्र बदनामीचा गुन्हा कायम आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनात्मकदृष्ट्या वैध ठरवला आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आला. त्यात दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. याशिवाय नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावाही होऊ शकतो.

याच कलमात अपवादही दिले आहेत. लोकहितासाठी सांगितलेले सत्य, तसेच स्वतःच्या किंवा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्हेतूने केलेले विधान बदनामी ठरत नाही. त्यामुळे शब्द महत्त्वाचे ठरतात. ‘हा डॉक्टर चोर आहे, किडन्या विकतो’ हा आरोप आहे आणि तो सिद्ध करण्याची वेळ लिहिणाऱ्यावर येऊ शकते. ‘दहाची वेळ दिली होती, नंबर पाऊण वाजता लागला. तपासणीचे ८०० रुपये घेतले, मागूनही पावती दिली नाही’ हा अनुभव आहे. दुसरे वाक्य वाचणाऱ्याच्या अधिक उपयोगाचे आहे आणि न्यायालयातही ते अधिक टिकणारे आहे.

डॉक्टर उत्तर का देत नाहीत?

हॉटेलमालक ‘तुम्ही त्या दिवशी आमच्याकडे आलाच नव्हता’ असे लिहू शकतो. डॉक्टरचे हात बांधलेले असतात. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेविषयीच्या २००२ च्या नियमांनुसार, व्यवसाय करताना कळलेली रुग्णाची गुपिते उघड करता येत नाहीत. न्यायालयाचा आदेश, इतरांना असलेला गंभीर धोका आणि कळवणे बंधनकारक असलेले आजार, एवढेच त्याला अपवाद आहेत. ‘साखर वाढलेली असताना तुम्ही गोळ्या बंद केल्या होत्या’ हे वाक्य खरे असले, तरी डॉक्टरने ते जाहीरपणे लिहायचे नसते. अमेरिकेत डॅलसमधील एका दंतवैद्यक संस्थेने रिव्ह्यूला उत्तर देताना रुग्णाची माहिती उघड केली. त्यासाठी २०१९ मध्ये तिला १० हजार डॉलर भरावे लागले.

म्हणजे वाचणाऱ्यासमोर कायम एकच बाजू येते. डॉक्टरच्या मौनाचा अर्थ कबुली असा घेणे चूक ठरू शकते.

खोटे रिव्ह्यू कोण रोखणार?

गूगल मॅप्सवर रिव्ह्यू लिहायला खाते पुरते. प्रत्यक्ष सेवा घेतल्याचा पुरावा द्यावा लागत नाही. व्यावसायिकाला उत्तर देता येते, नियमभंगाची तक्रार करता येते. पण दोघांच्या सांगण्यात फरक असेल, तर खरे कोणाचे या वादात कंपनी पडत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ अशा मध्यस्थ कंपन्यांना इतरांनी लिहिलेल्या मजकुराच्या जबाबदारीतून सशर्त संरक्षण देते.

भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन ग्राहक अभिप्रायांसाठी आयएस १९००० : २०२२ हे मानक आणले. अभिप्राय देणाऱ्याची ओळख तपासणे आणि विकत घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध न करणे अशा गोष्टी त्यात आहेत. पण मानक लागू झाले ते ऐच्छिक स्वरूपात. जे पाळायचेच असे बंधन नाही, त्याचा धाक किती असणार?

चांगल्या रिव्ह्यूंचीही दुसरी बाजू आहे. काउंटरवर क्यूआर कोड ठेवून ‘पाच स्टार द्या ना’ असा आग्रह होतो, तेव्हा तब्येतीसाठी आलेला माणूस नाही म्हणत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केलेल्या नियमांत डॉक्टरांनी समाजमाध्यमांवर रुग्णांचे प्रशस्तिपर अभिप्राय मागू किंवा पसरवू नयेत, असे म्हटले होते. मात्र त्याच महिन्यात हे नियम स्थगित झाले. क्लासच्या बाबतीत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आणली. विद्यार्थ्याचे नाव, छायाचित्र किंवा अभिप्राय जाहिरातीत वापरायचा असेल, तर त्याची लेखी संमती हवी आणि तीही यश मिळाल्यानंतर घेतलेली. प्रवेशाच्या अर्जातच सही करून घेण्याची युक्ती त्यामुळे चालणार नाही.

इतर देशांनी काय केले?

शिक्षकांना नावानिशी गुण देणाऱ्या संकेतस्थळाला फ्रान्समधील न्यायालयाने २००८ मध्ये नावे काढायला लावली. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जून २००९ मध्ये उलट निकाल दिला. शिक्षकांच्या कामाविषयी विद्यार्थ्यांना मत मांडता येईल, असे त्याने म्हटले. म्हणजे शेजारच्या दोन लोकशाही देशांतही या प्रश्नाचे उत्तर एक नाही.

डॉक्टरांबाबत याच जर्मन न्यायालयाने १ मार्च २०१६ रोजी काढलेली वाट लक्षात घेण्यासारखी आहे. ‘हा माझा रुग्णच नव्हता’ अशी डॉक्टरने तक्रार केली, तर संकेतस्थळाने लिहिणाऱ्याकडे बिल किंवा भेटीची नोंद असे काही मागायचे आणि त्याची ओळख उघड होणार नाही एवढी माहिती डॉक्टरपर्यंत पोहोचवायची. यात लिहिणारा अनामिक राहतो, पण भेट खरी होती की नाही हे तपासले जाते. अमेरिकेने २०१६ मध्ये कायदा करून ‘आमच्याबद्दल वाईट लिहिणार नाही’ अशा ग्राहकांवर लादलेल्या अटी रद्दबातल ठरवल्या. तिथे खोट्या रिव्ह्यूंच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा नियमही ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे.

रिव्ह्यू लिहिला म्हणजे तक्रार झाली का?

इथेच अनेकांची गल्लत होते. ऑपरेशन चुकले अशी शंका असेल, तर एक स्टार देऊन मन हलके होईल, पण चौकशी होणार नाही. डॉक्टरच्या वर्तनाची किंवा निष्काळजीपणाची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते आणि परिषद नोंदणी निलंबित करू शकते. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले. तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. त्यामुळे रिव्ह्यूआधी केसपेपरच्या प्रती मागाव्यात.

वकिलांचे वेगळे आहे. त्यांची सेवा ग्राहक कायद्याखाली येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करावी लागते. महाविद्यालयांत ‘नॅक’ मूल्यांकनासाठी विद्यार्थी समाधान सर्वेक्षण होते. ते उरकून टाकण्याऐवजी विद्यार्थ्यांनी मन लावून भरले, तर त्याचा उपयोग ‘स्टार’पेक्षा जास्त होईल.

लिहिताना आणि वाचताना काय पाहावे?

लिहिताना तारीख, वेळ, रक्कम आणि घडलेली गोष्ट लिहावी. हेतूविषयी अंदाज करू नये. जात, धर्म, रूप, घरची मंडळी यांचा उल्लेख नको. स्वतःचा किंवा नातेवाइकाचा आजार तपशिलात लिहिण्याआधी तो साऱ्या जगाला दिसणार आहे, हे लक्षात ठेवावे. राग आलेल्या दिवशी न लिहिता दोन दिवसांनी लिहावे. प्रश्न सुटला तर रिव्ह्यू बदलावा.

वाचताना संख्या पाहावी आणि मधले, म्हणजे दोन ते चार स्टारचे रिव्ह्यू आधी वाचावेत. तपशील बहुधा तिथेच असतो. एकाच आठवड्यात आलेले, सारख्याच शब्दांचे ‘बेस्ट डॉक्टर, बेस्ट स्टाफ’ दिसले तर सावध व्हावे. थांबावे किती लागते, पावती मिळते का, नीट समजावून सांगतात का, याबाबत रिव्ह्यूंवर बऱ्यापैकी विसंबता येते. निदान बरोबर आहे का, हे मात्र दुसऱ्या डॉक्टरलाच विचारावे.

मग योग्य वाट कोणती?

रिव्ह्यू बंद करा, ही मागणी चुकीची आहे. वर्षानुवर्षे डॉक्टर, शिक्षक आणि वकील यांच्यासमोर सामान्य माणूस गप्पच बसत आला. ‘पावती द्या’ हे शब्द तोंडातून निघत नसत. मोबाइलने त्याला बोलायला जागा दिली आहे आणि ती राहिलीच पाहिजे. खऱ्या अनुभवावर नोटिसांचा धाक दाखवणाऱ्यांना चाप हवा. पण बोलण्याच्या हक्काबरोबर दुसऱ्याच्या नावाची जबाबदारीही येते. भेट खरी होती का, एवढी पडताळणी संकेतस्थळांवर बंधनकारक केली तर निम्मे भांडण मिटेल. उरलेले निम्मे वैद्यक परिषद, ग्राहक आयोग आणि बार कौन्सिल यांच्या हातात आहे. तिथे तक्रार वेळेत ऐकली जाते असा विश्वास बसला, तर न्याय मागायला कोणी ‘स्टार’कडे जाणार नाही. तो विश्वास नाही, म्हणूनच आज एका बोटाच्या टिचकीत निकाल लावण्याचा मोह होतो आणि त्यात चांगला डॉक्टर, चांगल्या बाई आणि खरा पीडित रुग्ण असे तिघेही हरतात.