भाक्राच्या मजुरांचे राहिलेले शिल्प खान्देशात उभे करा!

धुळ्याजवळच्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतार डिसेंबर 2025 मध्ये शंभरी पूर्ण करून गेले. त्यांची ओळख आता एका आकड्यात सांगितली जाते: 182 मीटर. जगातला सर्वांत उंच पुतळा खान्देशच्या माणसाने घडवला याचा अभिमान जरूर असावा. पण तेवढ्यावरच थांबणे हा या शिल्पकारावर अन्याय आहे.

सुतारांचे नाव झाले ते धरणांच्या काळात. चंबळ नदीवरच्या गांधीसागर धरणापाशी त्यांनी काँक्रीटमधून 45 फुटी चंबळमाता कोरली. तिच्यासोबतची दोन मुले म्हणजे मध्य प्रदेश आणि राजस्थान. एका नदीचे पाणी वाटून घेणारी राज्ये भावंडे म्हणून दाखवणारे हे शिल्प. त्यात ना राजा, ना पुढारी. ते पाहून नेहरूंनी त्यांच्याकडे आणखी मोठे काम सोपवले. भाक्रा धरण बांधणाऱ्या मजुरांसाठी 50 फुटी ब्राँझचे स्मारक, ‘श्रमाचा विजय’.

ते उभे राहिलेच नाही. पैसे नव्हते.

पुढे पैसे आले. 2018 मध्ये गुजरातेत सरदार पटेलांचा तो 182 मीटरचा पुतळा उभा राहिला, त्या प्रकल्पावर सुमारे 3,000 कोटी रुपये खर्च झाले. सरदारांबद्दल आदर आहेच. पण तिजोरी भरल्यावर कोणत्याही सरकारला मजुरांचे ते शिल्प का आठवले नाही? उन्हातान्हात दगड-माती वाहून धरण बांधणाऱ्याचा मान पुढाऱ्याच्या मानापेक्षा कमी आहे काय?

जे उभे राहिले, तेही जागेवर राहत नाही. सुतारांचा ध्यानस्थ गांधी 1993 पासून संसदेच्या आवारात होता. किती तरी खासदारांनी त्याच्यापुढे बसून निषेध नोंदवला. 2024 मध्ये इतर पुतळ्यांबरोबर त्याला आवारातच ‘प्रेरणा स्थळा’वर हलवले. विरोधकांनी आक्षेप घेतला, तो रास्तच होता. लोकांनी वापरून जिवंत ठेवलेली जागा प्रदर्शनाच्या दालनासारखी मांडून चालत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. धुळे महापालिकेने पांझरेकाठी, आणि जळगाव जिल्ह्यात हतनूर धरणापाशी, मजुरांचे शिल्प उभारावे. उंचीची शर्यत नको. शेतमजूर बाईला जवळ जाऊन हात लावता येईल एवढेच ते असावे. खान्देशातल्या प्रत्येक ग्रामसभेने येत्या बैठकीत हा ठराव मांडावा आणि आपल्या आमदाराकडून त्याचे लेखी उत्तर घ्यावे.