पावणेदोन तासांची मुंबई



१६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याच्या धावपट्टीवर मुंबईचे विमान उतरले आणि मुंबई अमरावतीपासून पावणेदोन तासांवर आल्याचा गाजावाजा झाला. मुंबई कुठेही आलेली नाही. ती होती तिथेच आहे.

जरा हिशेब मांडू. नकाशावर सरळ सूत धरले तर बेलोरा ते मुंबई विमानतळ हे अंतर सुमारे ५४० किलोमीटर भरते. नागपूरच्या सोनेगावहून तेच सूत ६८० किलोमीटर. म्हणजे अमरावती एकशेचाळीस किलोमीटर जवळ. पण नागपूरचे विमान दीड तासात पोचते आणि अमरावतीचे पावणेदोन तासांत! कारण यंत्रात आहे. नागपूरहून जेट जाते, ते वर गेल्यावर ताशी आठशे किलोमीटर पळते. बेलोऱ्याला आले ते पंख्याचे एटीआर, सत्तरेक माणसांचे, ताशी पाचशेच्या आसपास. त्याला नावे ठेवत नाही. १८५० मीटरच्या धावपट्टीला ते ठीकच आहे. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालते. सीतादहीच्या दिवसांत बाजार समितीच्या फाटकावर गाड्या तुंबतात, तशी विमाने आभाळात तुंबतात.

हे झाले विमानतळ ते विमानतळ. पण विमानतळावर राहतो कोण?

सुरुवातीच्या वेळापत्रकात हे विमान आठवड्यातून तीनच दिवस होते आणि बेलोऱ्याहून दुपारी चार चाळीसला सुटत होते. दर्यापूरचा कास्तकार धरा. जेवण आटोपून एसटीने पन्नास किलोमीटर अमरावती, तिथून ऑटोने बेलोरा, आणि खिडकी बंद होण्याआधी हजर. मुंबईत उतरतो तेव्हा साडेसहा वाजत आलेले. मंत्रालयाला कुलूप. रात्र लॉजवर काढायची. दुसरा कास्तकार त्याच संध्याकाळी अमरावतीहून मुंबईच्या रेल्वेत बसला, साडेसहाशेवर किलोमीटर झोपत गेला आणि सकाळी सीएसटीवर उतरला. साहेबाच्या दारात दोघेही एकाच वेळी उभे! एकाने तिकिटावर जास्त खर्च केला आणि लॉजचे भाडे वर भरले, एवढाच फरक.

वेळापत्रके बदलतात, उद्या सकाळचे विमानही मिळेल. पण ते कुणाच्या सोयीने ठरते? मुंबईत धावपट्टीवर जागा सापडेल तेव्हाची वेळ आपल्या वाट्याला. आपल्या कामाची वेळ कुणी विचारत नाही.

आणि दर्यापूर पूर्वी इतके लांब नव्हते. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ ही शकुंतला विलायती कंपनीने टाकली ती आपला कापूस न्यायला, आपल्या प्रेमापोटी नाही. तरीही दर्यापूरचा माणूस तिच्यात बसून मूर्तिजापूरला उतरे आणि समोर मुंबईची मोठी लाइन असे. ती गाडी बंद पडली. दर्यापूर ते मूर्तिजापूर हे अंतर किती वाढले, ते मात्र कुणी मिनिटांत सांगितले नाही.

पुढारी गावात येऊन पावणेदोन तासांचे कौतुक सांगू लागले तर त्यांना तीनच गोष्टी विचारा : गावातून पहिली एसटी किती वाजता? परतीचे विमान कोणत्या वारी? आणि शकुंतला कधी?